हात वर करून घेतलेलं माप

बूट असू देत, बूट काढायला लावू नकोस, लेका गस — स्टेजचं माप स्टेजच्या बुटांतच घ्यायचं, हा तुझ्याच बापाचा नियम, तुला शिकवला नाही का त्यानं? चांगली दोन बोटं टाच आहे यांना. अनवाणी माप घेशील आणि पँट अशी वर चढेल की पुढच्या रांगेतल्या बाया म्हणतील, बेडूक आत्ताच डबक्यातून उडी मारून आलाय. हस की. नाही? बरं, नको हसू. तुझा बापही माप घेताना हसायचा नाही, पण त्याच्या तोंडात टाचण्या असायच्या. तुझं तोंड तर रिकामं आहे — आणि चेहरा असा, जसं कुणी एरंडेल पाजलंय. तीन मजले चढून आलास म्हणून? दम खा. कॉफी घे. आमची ही, मोझेल, जाताना बजावून गेलीय, शिंपी येईल त्याला कॉफी दे आणि त्याची थट्टा करू नकोस. पहिलं मी केलं. दुसऱ्याचं वचन दिलेलं नाही.

तू घरी आलास हे मात्र नवल. आम्ही कॅल्युमेट्स — कॅल्युमेट अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर गाणारी टवाळ पोरं होतो तेव्हापासून — माप कधी घरी दिलं नाही, आणि एकेकट्यानं तर नाहीच. सगळे एकदम तुझ्या बापाच्या दुकानात, त्या लांब फळीवर रांगेनं उभे. मध्ये लुशियस, कारण वरचा आवाज त्याचा आणि नाकही त्याचंच वर. त्याच्या दोन्ही बाजूंना गेन्स भाऊ. एका टोकाला ओथा, आणि दुसऱ्या टोकाला मी, खर्जवाला, इझेल स्ट्रिंगर, ज्याला त्याची आई सोडून शिकागोचा अख्खा साउथ साइड बेडूक म्हणतो. तुझा बाप म्हणायचा, 'मंडळी, हात वर.' की पाचही जणांनी हात वर करायचे, गाण्याच्या शेवटी करतो तसे, थेट आढ्याकडे, आणि तसेच धरून ठेवायचे — म्हातारा गुडघ्यावर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत खडू ओढत जायचा. सगळ्यांना एकदम उभं करायचा ते घाई म्हणून नाही. खांद्यातून कळा यायच्या, ओथा पुटपुटत शिव्या द्यायचा, मी शेजारच्याच्या बरगडीत गुदगुल्या करायचो. पण का, ठाऊक आहे? हात वर केले की कोट वर चढतो. एकाचा चार बोटं चढतो, एकाचा दोन. मी हा असा पिंप, लुशियस ती वेताची काठी. हात खाली असताना कोट सारखे दिसले तर त्यात काय मोठं, ते कुठलाही शिंपी करतो. तुझा बाप बगलेत जादा कापडाचा तुकडा घालायचा, बाहीचा मुंढा असा कापायचा की गाण्याच्या शेवटी हात वर गेले रे गेले की पाचही कोटांच्या कडा एका रेषेत. सुरीनं कापल्यासारख्या. तेव्हा बाया किंचाळायच्या. त्यांना वाटायचं आपण आवाजाला किंचाळतोय. कसला आवाज — कापड होतं ते. तू तेव्हा फौजेत होतास, जर्मनीत बटाटे सोलत. तुला काय माहीत.

काय म्हणालास? तिघांचं काल झालं? दुकानात. अच्छा. लुशियस आणि गेन्स भाऊ, एकदम. मला कुणी बोललं नाही — गुडघ्यामुळे असेल. लुशियसनं सांगितलं ना तुला, गुडघा? हल्ली त्याला माझ्या गुडघ्याची फार काळजी. रिहर्सलसुद्धा त्याच्याच तळघरात ठेवतो आणि ठेवतो ती नेमकी गुरुवारी, ज्या दिवशी मला घशाच्या डॉक्टरकडे जावं लागतं. मी म्हटलं, बुधवारी ठेव. तो म्हणाला, बुधवारी तळघरात कपडे वाळत असतात. आता तूच सांग, विशीतला आवाज अजून टिकवून ठेवलेला माणूस, आणि त्याचे कपडे बुधवारभर वाळत नाहीत. मी म्हटलं, असो, मला पावलं पाठ आहेत, मी ती स्वयंपाकघरात करीन. करतो पण. ही फरशी बघ, इथे घासलीय ती. खालची म्हातारी काठीनं छत ठोकते, तिचा ठेका माझ्यापेक्षा बरा आहे.

ऐकलंस का गाणं? रेडिओवर लागतंय, माझ्या कानानं मी दोनदा ऐकलं. 'उन्हाळ्यापर्यंत थांब' — जुनंच, नवे कपडे घालून. तेव्हा ते तिसऱ्या नंबरवर गेलं होतं, शिकागोत तर पहिल्या. त्याच्या पुढचं गाणं विसात अडकलं, त्याच्या पुढचं साठीत म्हातारं झालं, मग आम्ही त्या शंभराच्या यादीतूनच घसरलो. मग लग्नं, मग हॉटेलं, मग एकदा तुरुंगात कार्यक्रम — सगळ्यात चांगले प्रेक्षक, एकही माणूस मध्येच उठून गेला नाही. आणि आता, इतक्या वर्षांनी, चौऱ्याण्णव! आठवड्यानं एक्क्याण्णव! रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं शॅम्पेन फोडली. गेन्समधला धाकटा म्हणाला, एक्क्याण्णवला कसली शॅम्पेन, सोडा फोडा. मी म्हटलं, मूर्खा, वरून मोजलं तर लाज आहे, खालून मोजलं तर शिडी. आणि शिडीच्या वर ईस्टरच्या शनिवारचा कार्यक्रम, टीव्हीवाले येणार. मला दुसरं काही नको रे गस. नाव नको, मधली जागा नको, ती लुशियसनं जन्मभर चाटून साफ ठेवलीय. मला फक्त एकदा त्या रेषेच्या टोकाला उभं राहायचंय आणि शेवटी हात वर न्यायचे आहेत. एवढंच. हे घडल्यावर देवानं मला बेडूक म्हणून हाक मारली तरी जातो.

खर्ज? गाण्यातला खर्ज ऐकलास? अगदी शेवटी, 'थांब' म्हणत जिना उतरतो तो? बरोबर ओळखलंस, माझा नाही. लेका, तुझे कान बापावर गेलेत. मी तीनदा गायलो, आवाज खाली जाता जाता मधल्या पायरीवर बसला, सकाळची वेळ होती, सकाळी माझा खर्ज झोपलेला असतो. मग त्या स्टुडिओतल्या पोरसवदा माणसानं पेटीसारखं एक यंत्र काढलं, एका बोटानं पट्टी दाबली — आणि यंत्र डरावलं! माझ्याहून खाली! मी त्याला विचारलं, याला गुडघेदुखी आहे का, याच्या बायकोला हे रात्री घोरून जागं ठेवतं का. सगळे हसले. फक्त लुशियस हसला नाही, काचेपलीकडे उभा राहून बुटांकडे बघत होता. आत्ता म्हणून दाखवू? दाखवलं असतं, पण मोझेलनं ओव्हनमध्ये केक ठेवलाय, माझ्या खर्जानं केक बसतो, मागे दोनदा बसलाय. हात जरा बाजूला — हां, छाती घे. श्वास सोडून माप देऊ की भरून? तुझा बाप भरून घ्यायचा.

फोटोची गंमत सांगतो. रेकॉर्डच्या कव्हरवर घालायला फोटो काढले. फोटोवाला म्हणतो, मिस्टर स्ट्रिंगर, जरा कडेला सरका. सरकलो. अजून थोडं. सरकलो. अजून. मी म्हटलं, बाबा, अजून सरकलो तर मी मिशिगन तलावात. गेन्सचा थोरला म्हणाला, बेडूक डबक्याच्या काठालाच शोभतो. टाळी दिली मी त्याला. पण आमच्यात इतकं अंतर, म्हणजे मध्ये एक गाय उभी राहिली असती. कात्रीवाल्याला सोपं, नाही का? कुठूनही कापावं. मी आपलं म्हणतो.

आणि फोन. हे तू कुणाला सांगू नकोस. फोन वाजतो, मी उचलतो, पलीकडे कुणी बोलत नाही. नुसता श्वास. आता मोझेलला वाटतं चोर आहे, घरात कुणी राखणीला आहे का बघतोय. पण मी जन्मभर त्या श्वासावर आत शिरलोय, गस — चार माणसं एकदम गायची म्हणजे चार माणसं एकदम श्वास घेतात, डोळे मिटून सांगतो मी, कुणाचं नाक वाजतं नि कुणाचा घसा. तो लुशियसचा श्वास असतो. ओळ सुरू करायच्या आधी घेतो ना, तो. घेतो — आणि ओळ येत नाही. मग खाली ठेवतो. परवा मी त्याच्या कानात डराव करून ओरडलो. तरी पुन्हा श्वासच घेतला, आणि ठेवला.

तू खाली बघतोयस. मला कळलंय सगळं, अरे. शाळेत टिकलो नाही म्हणून काय माझ्या डोक्यात भुसा आहे? शाळेनं मला तिसरीत सोडलं, पण तोवर माझा मास्तरांच्या खुर्चीला गोंद लावून झाला होता. ही सगळी मिळून मला बनवतायत! हे मला आठवडाभरापूर्वीच उमगलं. जन्मभर मी त्यांना बनवलं, आता त्यांची पाळी. डेट्रॉइटला मी लुशियसचे बूट त्याच्या जागेवर खिळ्यांनी ठोकले होते — वळायच्या ओळीला लुशियस वळला, बूट नाही वळले. लुइव्हिलला हॉटेलवाल्याला सांगितलं की हा गाणारा नाही, मोठा उपदेशक आहे, आणि पहाटे त्याच्या दाराशी सतरा बाया बायबल घेऊन. आणि मिलवॉकीची कोंबडी? तुझ्या बापानं सांगितली नाही? अरे, माप देताना मी पोटाला उशी बांधली. म्हाताऱ्यानं ऐसपैस कोट शिवला. उशीच्या जागी मी जिवंत कोंबडी घेऊन गेलो स्टेजवर. गाणं संपत आलं, सगळे हात वर, सगळं थिएटर गप्प, मी खर्जात उतरलो — 'थांब' — आणि आतून कोंबडीनं उत्तर दिलं. लोकांना वाटलं हा गाण्याचाच भाग. लुशियस माझ्याशी तीन दिवस बोलला नाही आणि चौथ्या दिवशी म्हणाला, कोंबडीचा सूर तुझ्यापेक्षा बरा होता. तर हे सगळं तो आता फेडतोय. गुरुवार, फोटो, फोन, हे तुझं घरी येणं. आणि ईस्टरच्या शनिवारी पडदा उघडेल, आणि मधे — मधे मला उभं करतील. आज सकाळी मोझेलनं जाताना माझ्या डोक्यावर ओठ टेकले. लग्नाच्या वाढदिवशी मला मागून घ्यावे लागतात ते. तिलाही यांनी सामील करून घेतलंय. लुशियसची बायको आणि ती चर्चच्या स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेलो की बटाटे मोजायला लागतात.

बघू कापड. हे? पुदिन्याच्या रंगाचं ठरलं होतं ना? लुशियस स्वतः चर्चच्या पायरीवर म्हणाला, पुदिना, सगळ्यांना पुदिना, टीव्हीवर खुलतो. हे तर काळं — गडद निळं? उजेडात धर. हां, निळं आहे. चांगलं आहे, जाड आहे, मऊ आहे. महागाचं आहे हे. खर्जवाल्याला गडद आणि बाकीच्यांना फिकट, असं असेल. चंद्र आणि चांदण्या. नाही? तुझा बाप टाचण्यांमुळे गप्प असायचा, तू कशामुळे?

ओथालाही वेगळ्या रंगाचा आला होता. आठवलं म्हणून सांगतो. ओथा प्रॉक्टर — मधला आवाज, जाडजूड लोण्यासारखा, तुझ्या डोळ्यांत कचरा गेला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं असला माणूस. तेव्हा कंपनीला वाटलं पाच जण टीव्हीच्या चौकटीत बसत नाहीत, चार बसतात. आम्हाला गेन्स भावांना नि मला कुणी सांगितलं नाही, लुशियसला सांगितलं. आणि लुशियसचा घसा असा घडवलाय देवानं, की त्यातून सगळे सूर निघतात, फक्त 'नाही' निघत नाही. ते तो कापडातून पाठवतो. तुझ्या बापानं आमचं माप घेतलं आणि म्हणाला, ओथा, तुझं उद्या, जरा निवांत. दुसऱ्या दिवशी ओथा एकटा गेला, आणि परत आला तो असा खुश! म्हणाला, बेडका, ऐक, मी विचारलं, हात वर करू ना, तर म्हातारा काय म्हणाला? म्हणाला, 'राहू दे ओथा, तुझे हात मला पाठ आहेत.' अख्ख्या साउथ साइडमधला सगळ्यात खडूस शिंपी, आणि त्याला माझे हात पाठ! आठवडाभर तेच सांगत हिंडला.

कार्यक्रमाच्या दिवशी खोलीत चार सूट टांगलेले, मोत्याच्या रंगाचे. आणि खुर्चीवर एक खोका, त्यात राखाडी सूट, रिबिन बांधून. लुशियस बाथरूममध्ये नळ सोडून बसलेला. ओथानं खोका उघडला, सूटाकडे बघितलं, टांगलेल्या चारांकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'कापड चांगलं आहे.' घातला, आरशात बघितलं, आणि बाहेर जाऊन लोकांत बसला. मी त्याला स्टेजवरून बघत होतो, चौथ्या रांगेत. सगळं गाणं ओठांनी गात होता. आणि शेवटी आमचे हात वर गेले तसे त्याचेही गेले — सवय रे, अंग ऐकतं कुठे — तर खांद्यापर्यंत आले आणि अडकले. बगलेत कापडच नव्हतं. माणूस पंख कापलेल्या कोंबड्यासारखा हात अर्धवट धरून बसला. दोन्ही बाजूंचे लोक बघायला लागले. मग त्यानं हात हळूहळू खाली घेतले, मांडीवर ठेवले. त्यानंतर मी त्याला हात वर केलेला बघितला नाही. हॉटेलात वेटरला बोलवायलासुद्धा नाही.

त्या हिवाळ्यात तलावाच्या कडेला दगडांवर सापडला. बसलेला. ओव्हरकोट घरी ठेवून, तो राखाडी सूट घालून, हात मांड्यांवर. कुणी म्हणालं हृदय, कुणी म्हणालं बाटली. पाण्यावर बर्फ होता. मी सांगू तुला, मी शवपेटीपाशी उभा राहिलो — सूट असा बसला होता, गस, असा बसला होता, एक सुरकुती नाही. हात बाजूला सरळ. त्यासाठीच कापल्यासारखा. तुझा बाप माझ्या शेजारी उभा होता, त्या दिवशी त्याच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी बोलला नाही. त्यानंतर त्यानं आमच्यासाठी कात्री हातात घेतली नाही. म्हणाला, डोळे गेले. डोळे कसले जातायत, दुसऱ्यांचे सूट शिवायचा की.

हा रेडिएटर असाच ठोकतो, दचकू नकोस. वारा तलावाकडून आला की सगळं घर ठोकतं.

तर कुठे होतो आपण? खांदा झाला. छाती, कंबर, घेर झाला. बाही झाली, तिकडची पण झाली. चल, आता महत्त्वाचं — थांब, कप खाली ठेवतो — हे बघ, करतो हात वर. गुडघा दुखतो, खांदे नाही. धर टेप. तू टेप का गुंडाळतोयस? अरे, हे राहिलं. हे तर मुख्य. शेवटच्या ओळीला कोट किती चढतो ते बघायला नको? काय?

पुन्हा म्हण.

पाठ आहेत.

तुला. माझे हात. गस, तू आयुष्यात आज पहिल्यांदा माझ्या अंगाला टेप लावलीस. तुझ्या बापानं ओथाचे हात वीस सूटांत वर जाताना बघितले होते, त्याला ते खरंच पाठ होते, तो निदान खरं बोलत होता. तू कुठून पाठ केलेस? बुटांचा नियम त्यानं तुला शिकवला नाही. हे मात्र शिकवलं.

नको, सांगू नकोस. लुशियस म्हणाला का कंपनी म्हणाली, ते काही सांगू नकोस. मोझेलला माहीत होतं एवढं कळलं, पुरे. ओव्हन रिकामा आहे, ते तुझ्या नाकाला केव्हाच कळलं असेल. मगाशी म्हटलं ना, माझा खर्ज सकाळी झोपलेला असतो? आता दुपारचे तीन वाजलेत, अजून उठलेला नाही.

कापड घे ते. कात्री लावू नकोस त्याला. मी तुझ्या पाया पडलो असतो, पण — शिवू नकोस, गस. लुशियसनं विचारलं तर सांग, म्हातारा जाड झालाय, कापड पुरलं नाही. काय वाट्टेल ते सांग, तो विचारणारच नाही, तो फोन उचलून श्वास घेईल. तुझ्या दुकानातल्या कुठल्याही पुतळ्याला घाल, पण माझ्या घरात रिबिन बांधून खोका आणू नकोस. मोझेल तो कपाटात टांगून ठेवील, आणि मला माहितेय, मी एक दिवस घालून बघीन.

जा. टाचण्यांची डबी विसरलायस, ती घे. जिना अंधाराचा आहे, कठडा धरून उतर. नाही, मी खाली घेणार नाही ते. माझे हात आहेत, मला वाटेल तितका वेळ धरीन. दार तूच ओढून घे.